टपालाची पोच

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी माझ्या मोबाइलवर संदेश आला, तुमचं पाकीट पोहोचवलं आहे. घेणाऱ्याचं नाव म्हणून एकच शब्द होता, 'सिक्युरिटी'. मी तेव्हा ऑफिसात होते. संध्याकाळी घरी येताना गेटवर विचारलं, तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, माझ्या ड्युटीत काही आलं नाही." दुसऱ्या दिवशी दुसरा वॉचमन होता, उत्तर तेच. नवव्या दिवशी ते पाकीट केबिनमधल्या टेबलाच्या खालच्या खणात सापडलं. कुणाकुणाची लाइटबिलं, दातांच्या दवाखान्याची जाहिरातपत्रकं आणि आमचं पाकीट, सगळ्यांना मिळून एक रबरबँड लावलेला. कोपऱ्याला पाणी लागून पत्त्याची शाई पसरली होती. आत आईच्या नावाची नोटीस. लालबागच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास चालू आहे, आणि खोली बाबांच्या नावावरून आईच्या नावावर चढवायची आहे. त्याची सुनावणी होती. तारीख उलटून पाच दिवस झाले होते.

कुरिअरच्या मुलाला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्याच्या पाठीवरची बॅग मी पाहिली आहे. आमची भाड्याची इमारत कुर्ल्याला, वीस मजल्यांची. प्रत्येक पाकिटासाठी तो वर चढला, तर निम्मी बॅग संध्याकाळी परत न्यावी लागेल. वॉचमनचंही तसंच. तो एजन्सीचा माणूस, आज इथे तर उद्या दुसऱ्या गेटवर. पाकीट पाठवणाऱ्या कार्यालयाच्या कागदावर नोटीस 'बजावली' अशी नोंद झाली. सगळ्यांनी आपापलं काम केलं, तरी पाकीट आईच्या हातात पडलं नाही. मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते हेच. टपाल कशानं न्यायचं, हे काळाप्रमाणे बदलत आलं आहे आणि बदलायलाच हवं. पण ते कुणाच्या हातात द्यायचं आणि दिलं असं कोण छातीठोकपणे सांगणार, ही जबाबदारी आपण हळूहळू सोडून दिली. ती परत कुणाच्या तरी खांद्यावर टाकली पाहिजे, आणि माझ्या मते तो खांदा सरकारी टपाल खात्याचाच असला पाहिजे.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, पोच. पत्राची पोच, पैशाची पोच, पोचपावती. माझे बाबा गिरणीत होते. महिन्याच्या पगाराला गावी आजीला मनिऑर्डर करायची, हा नेम. तो फॉर्म मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. खालच्या बाजूला मजकुराला दोन बोटांची जागा असायची, आणि त्या जागेत बाबा सगळं बसवायचे. "इकडे सर्व कुशल. लावणीला जोत सांगून ठेवणे. गोळ्या वेळेवर घेणे." पंधरावीस दिवसांनी पोचेचा तुकडा परत यायचा. आजीला सही येत नव्हती. त्या तुकड्यावर तिचा अंगठा असायचा, शाईचा, जरा पसरलेला, आणि बाजूला साक्षीदाराची सही. बाबा तो अंगठा बराच वेळ बघत बसायचे. पैसे मिळाले एवढंच त्यातून कळत नव्हतं. आजी उठूनबसून आहे, पोस्टमन तिच्या ओटीपर्यंत गेला, शेजारचं कुणी साक्षीला उभं राहिलं, हे सगळं त्या जांभळ्या डागात असायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या घरातली ही ये-जा तुटली. मी तेव्हा चौथीत होते. आधीचे तुकडे बाबांनी तारेला ओवून खुंटीला लावले होते. ती तार खुंटीवरच राहिली.

मनिऑर्डर या देशात १८८० साली सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १८७९ मध्ये, पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. पण या दोन्हींच्या मागे जो मूळ निर्णय होता तो १८५४ चा. त्याआधी टपालाचा दर अंतरावर ठरायचा. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचं पत्र धाडायला रुपया लागत असे. त्या काळचा रुपया म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. १८५४ च्या कायद्यानं ठरवलं की पाव तोळ्यापर्यंतचं पत्र देशात कुठेही जावो, अर्धा आणा. मुंबईतून पनवेलला आणि मुंबईतून पेशावरला दर एकच. इंग्रजांनी हे आपल्या भल्यासाठी केलं असं मी म्हणत नाही. त्यांना राज्य चालवायचं होतं, हुकूम पोचवायचे होते. तरीही त्यातून एक मोठी गोष्ट या देशात रुजली. लांब राहणारा, अडचणीच्या जागी राहणारा माणूस टपालाच्या हिशेबात कमी ठरत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला जो जादा खर्च येतो तो सगळ्यांनी मिळून सोसायचा. कोकणातल्या वाडीवर राहणाऱ्या आजीला मनिऑर्डर तिच्या ओटीवर मिळायची, ती या तत्त्वावर.

नेण्याची साधनं मात्र सतत बदलत गेली, आणि मुंबईनं ते बदल सगळ्यात आधी पाहिले. पायी धावणारे जासूद आणि हरकारे होतेच. भाल्याला घुंगरू बांधून रानातून टपाल नेणारे रनर तर रेल्वे आल्यावरही आडगावांत कितीतरी वर्षं धावत होते. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि पुढच्या काही वर्षांत टपाल रुळांवर चढलं. चालत्या गाडीत रात्रभर दिव्याखाली उभं राहून पत्रं गावागणिक खणांत टाकणारी रेल्वे मेल सर्व्हिसची माणसं, आरएमएसवाले, ही एक वेगळीच जमात होती. विलायतेचं टपाल बोटीनं यायचं. बॅलार्ड पिअरला बोट लागली की थैल्या तिथूनच गाडीत चढायच्या. पंजाब मेल, फ्रंटियर मेल या नावांतला 'मेल' म्हणजे टपाल, हे आता गाडीत बसणाऱ्यांच्याही ध्यानात नसतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी एका लहानशा पस मॉथ विमानातून कराचीचं टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. जुहूची जमीन इतकी सखल की पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं आणि हे विमानटपाल पुण्याहून चालवावं लागे. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, आपापसांत थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत परत फिरायची. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. सगळा देश झोपलेला असताना त्याची पत्रं नागपूरच्या धावपट्टीवर या हातातून त्या हातात जात होती.

या सगळ्यात एक टप्पा शंभरसव्वाशे वर्षं जवळजवळ तसाच राहिला, तो शेवटचा. पोस्टापासून दारापर्यंतचा. टपाल खात्यात त्याला बटवडा म्हणतात. बोट गेली, आगगाडी आली, विमान आलं, पण बटवडा एकच माणूस पायी करत राहिला.

आमच्या चाळीतला बटवडा सकाळी साडेदहाच्या सुमारास व्हायचा. पोस्टमनकाका आवारात यायचे तेव्हा डाव्या हातावर पत्रांची चवड असायची, चालायच्या क्रमानं लावलेली. आधी आमची बिल्डिंग, मग मागची, मग गल्लीतली दुकानं. आमच्या चाळीत कदम नावाची सात कुटुंबं होती. पाकिटावर नुसतं 'कदम, लालबाग, मुंबई १२' असलं, तरी काका हस्ताक्षर बघायचे, मागचा शिक्का बघायचे. राजापूरचा शिक्का म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे, कऱ्हाडचा म्हणजे जिन्याशेजारचे. तार घेऊन आले तर खालून हाक मारत नसत. वर यायचे, आधी शेजारच्या दारात थांबायचे, घरात कोण कोण आहे ते विचारायचे आणि मगच आमच्या दाराला हात लावायचे. एकट्या बाईच्या हातात मरणाची तार पडू नये म्हणून. ही रीत त्यांना कुणी लेखी शिकवलेली नव्हती. एखादा माणूस समजूतदार असला की आपण म्हणतो, त्याला पोच आहे. टपालाची पोच आणि माणसाची पोच त्या काळात एकाच खाकी गणवेशात यायची. दिवाळीला चाळीतल्या प्रत्येक घरातून त्यांना पोस्त मिळायची, आणि ती देताना उपकार केल्याची भावना कुणाच्याच मनात नसायची.

मी जुन्या दिवसांचे गोडवे गात नाही. त्या बटवड्यातही खोट होती. पत्रं हरवायची, मनिऑर्डरीतून चहापाण्याचे पैसे कापणारेही होते, आणि पत्ता माणसाच्या डोक्यात असला की तो माणूस रजेवर गेल्यावर पत्ताही रजेवर जायचा. बदली पोस्टमन आला की पंधरा दिवस सगळी चाळ एकमेकांची पत्रं वाटत फिरायची. हीच अडचण देशभर होती. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले. त्यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. ते टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकडे. पहिला विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन बटवड्याचं पोस्ट ऑफिस. मुंबईला ४०० मिळाले आणि मुंबईचे जुने विभाग-क्रमांक शेवटी तसेच राहिले. म्हणून आमचं 'मुंबई १२' हे ४०००१२ झालं आणि गिरगावचं 'मुंबई ४' हे ४००००४. कोकणातल्या दोन अक्षरं लिहिता येणाऱ्या पोरापासून मुंबईच्या कचेरीपर्यंत सगळ्यांना वापरता येईल इतकं ते सोपं होतं, आणि पन्नास वर्षांवर होऊन गेली तरी ते चालतं आहे.

पण वेलणकरांच्या या आकड्यांची एक मर्यादा होती आणि ती त्यांनी लपवली नव्हती. पिनकोड पत्राला पोस्ट ऑफिसपर्यंत आणतो. तिथून पुढे माणूस लागतो, हे त्यात धरलेलंच होतं.

आता मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्यानं सगळ्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांची खूण दिली. ज्या पाड्याला रस्त्याचं नाव नाही, तिथे रुग्णवाहिका बोलवायला याचा फार उपयोग होईल. मी याच्या बाजूनंच आहे. फक्त मुंबईत एक हिशेब करून बघा. चार मीटर म्हणजे तेरा फूट. आमची खोली दहा बाय बाराची होती. म्हणजे एका चौकोनात आमची एक खोली पुरती बसली. पण आमच्या खोलीवर खोली, तिच्यावर आणखी खोल्या, आणि त्या सगळ्यांची खूण एकच. आता त्याच जागी टॉवर उभा राहील, तेव्हा एका चौकोनावर चाळीसेक घरं रचलेली असतील. चौकोन मजला सांगत नाही. मुंबईचा पत्ता उभा वाढतो, जिन्यानं आणि लिफ्टनं. तो शेवटचा उभा भाग आजही कुणाला तरी चढूनच जावा लागतो.

काही वाचक म्हणतील, हे सगळं कशासाठी? पत्रं लिहितंय कोण? खुशाली व्हॉट्सॲपवर कळते, पैसे फोनवरून जातात, तार तर १५ जुलै २०१३ पासून बंदच आहे. डेन्मार्कचं उदाहरण हल्ली वारंवार दिलं जातं. तिथल्या सरकारी टपाल कंपनीनं डिसेंबर २०२५ मध्ये पत्रांचा बटवडा थांबवला. १६२४ पासून चालत आलेलं काम चारशे एक वर्षांनी संपलं आणि रस्त्यांवरच्या लाल पेट्या काढून टाकल्या. मग आपण का रेटत राहायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच घरातल्या टपालानं दिलं. खुशालीची पत्रं गेली, हे खरं. उरलं काय, ते बघा. बँकेचं कार्ड, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, कोर्टाचं समन्स, आयकराची काही पत्रं, भाडेकरूला घरमालकाची नोटीस, चेक न वटल्याची नोटीस, पुनर्विकासातल्या पात्रतेचे कागद. प्रेमाची पत्रं उशिरा मिळाली तर मन खट्टू व्हायचं. ही पत्रं उशिरा मिळाली तर घर जातं. टपालाचं प्रमाण घटलं, पण प्रत्येक पाकिटाचं वजन वाढलं आहे.

त्यातही कायद्याची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं, म्हणजे जनरल क्लॉजेस ॲक्टचं, कलम २७ सांगतं की, नोटीस बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर्ड टपालानं पाठवली असेल, तर ती नेहमीच्या टपालाला लागणाऱ्या वेळात पोचली असं धरलं जाईल. न पोचल्याचं सिद्ध करायचं ओझं घेणाऱ्यावर. चेक न वटल्याच्या प्रकरणात, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला उभा राहू शकतो, आणि तिथेही सर्वोच्च न्यायालयानं हेच गृहीतक लागू केलं आहे. पाकिटावर 'घेण्यास नकार' किंवा 'घर बंद' असा शेरा येऊन ते परत गेलं, तरी नोटीस बजावली असं मानता येतं. हे गृहीतक चुकीचं नाही. नाहीतर कुणीही दार लावून घेईल आणि कायद्यातून सुटेल. पण ते उभं आहे पोस्टमनच्या पायांवर. तो खरोखर दारापर्यंत गेला, त्यानं हाक मारली, कुणी नव्हतं म्हणून चिठ्ठी ठेवली, पुन्हा आला, असं धरून कायदा लिहिलेला आहे. पोस्टमनच जर गेटवर थांबू लागला, तर कायद्याचं गृहीतक तेवढं उरेल आणि त्याखालचा माणूस नाहीसा झालेला असेल.

१ सप्टेंबर २०२५ पासून देशातलं रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. नोंदणीची सोय आता स्पीड पोस्टवर जादा पैसे भरून घेता येते, आणि ती घेतली तर पाकीट नाव असलेल्या माणसाच्या किंवा त्यानं नेमलेल्याच्याच हातात द्यायचं असतं. दोन यंत्रणा समांतर चालवण्यापेक्षा एक नीट चालवावी, हा विचार मला पटतो. माझी भीती वेगळी आहे. रजिस्टरच्या पत्रात पोच हा मूळ माल होता. स्पीड पोस्टमध्ये वेग हा माल आहे आणि पोच ही वर घ्यायची पुडी झाली. कचेऱ्या पैसे वाचवण्यासाठी ती पुडी घेणार नाहीत. वकील घेतील, कारण त्यांना माहीत आहे. स्वतःच्या हातानं अर्ज पाठवणारी विधवा बाई घेणार नाही, कारण खिडकीवर तिला कुणी विचारणारच नाही.

त्याआधी १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा नवा आला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात पत्रं वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे होता. नव्यात तो नाही. खासगी कुरिअर आधीपासून धावतच होते, तेव्हा कागदावर ते मान्य झालं एवढंच, असं म्हणता येईल. पण एकाधिकाराला दुसरी बाजू असते. पत्रं मीच नेणार असं म्हणणाऱ्याला सगळीकडे जावं लागतं. कुरिअरला धारावीतल्या आठ फुटी बोळात शिरायची सक्ती नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईतले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्या पत्त्यात 'मशिदीच्या मागे', 'नळाजवळ', 'अमक्याच्या भट्टीवर' असे शब्द असतात, आणि हे शब्द वाचता येणारा माणूस अजून तरी पोस्टमनच आहे.

डेन्मार्कचा दाखला देणाऱ्यांना मला एक सांगायचं आहे. तिथे बटवडा थांबवण्याच्या कितीतरी वर्षं आधी सरकारनं प्रत्येक नागरिकाला एक सरकारी डिजिटल टपालपेटी दिली. सरकारी पत्र तिथेच येणार, ही सक्ती झाली, आणि ज्याला जमत नाही त्याला त्यातून सूट मिळाली. आधी नवं दार बसवलं, मग जुनं बंद केलं. शिवाय कागदी पत्र तिथे अजूनही दुसरी कंपनी नेते. आपल्याकडे असं एकच दार कुठे आहे? एक कचेरी एसएमएस करते, दुसरी ईमेल, तिसरी वेबसाइटवर यादी लावून मोकळी होते, चौथी कुरिअर पाठवते. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. तिचा मोबाइल नंबर गेल्या दहा वर्षांत तीनदा बदलला. घराचा पत्ता पन्नास वर्षांत एकदाच बदलला, तोही बिल्डरमुळे.

दहा मिनिटांत दूध आणि कोथिंबीर दारात येते, मग नोटीस का येऊ नये, असं माझा भाचा मला म्हणाला. बरोबर आहे त्याचं. पण दूध मी मागवलेलं असतं. मी घरी आहे, माझा फोन चालू आहे, मजला सांगायला मी उत्सुक आहे. नोटीस कुणी मागवत नाही. जिथे घेणाऱ्याची गरज किंवा इच्छा नसते आणि तरीही ती वस्तू त्याच्या हातात पडणं न्यायासाठी आवश्यक असतं, तिथे बाजाराचा बटवडा अपुरा पडतो. टपाल खात्याची गरज नेमकी तिथे आहे.

आता यात आपला वाटा किती, तेही बोलू या. मुंबईतल्या सोसायट्यांनी गेटवर जी शिस्त लावली आहे तिच्यात पोस्टमनला जागाच ठेवलेली नाही. पाहुण्याला ॲपवर परवानगी मिळते, जेवण आणणाऱ्याला कोड मिळतो. पोस्टमनला कोण कोड देणार? त्याच्याकडे एकाच इमारतीची तीस पाकिटं असतात. वॉचमन म्हणतो, इथे ठेवून जा. काही ठिकाणी त्याला रहिवाशांच्या लिफ्टनं जाऊ देत नाहीत. तळमजल्यावर पत्रपेट्यांची लाकडी रांग होती, ती नूतनीकरणात निघाली आणि तिच्या जागी आरसा आणि कुंड्या आल्या. मी राहते त्या इमारतीत हेच झालं आहे, आणि त्या बैठकीत मीही हात वर केला होता. पोस्टमन गेटवर थांबतो तो फक्त त्याच्या आळसानं नाही. आपण त्याला थांबवलं आहे.

म्हणून मागणी करायची तर दोन्हीकडे करायला हवी. टपाल खात्यानं मुंबईतल्या पोस्टमनच्या रिकाम्या जागा भरायला हव्यात, आणि एका माणसाला एक बीट, म्हणजे बटवड्याचा ठरलेला भाग, काही वर्षं तरी सलग द्यायला हवी. डोक्यातला पत्ता तयार व्हायला वेळ लागतो. दर महिन्याला कंत्राटी नवा मुलगा आणला तर तो कधीच तयार होणार नाही. कोर्ट, सरकार आणि बँक यांच्या नोटिसांना नोंदणीची सोय सक्तीची असावी आणि तिचा खर्च पाठवणाऱ्यानं सोसावा. 'सिक्युरिटीकडे दिलं' याला पोच मानू नये. कायदा पोच गृहीत धरतो, तर पोच म्हणजे काय हेही कायद्यानं सांगावं. किती वेळा दार वाजवलं, कोणत्या वेळी, चिठ्ठी कुठे ठेवली, हे पोस्टमनच्या हातातल्या मोबाइलमध्ये आज सहज नोंदवता येतं. नवं तंत्रज्ञान इथे कामाला लावा ना. सोसायट्यांनी पत्रपेट्या परत बसवाव्यात आणि खाकी गणवेशाला वरपर्यंत जाऊ द्यावं.

आणि एक गोष्ट मुंबईपुरती, पण फार मोठी. या शहरात हजारो कुटुंबं पुनर्विकासामुळे संक्रमण शिबिरांत किंवा भाड्याच्या घरांत पांगलेली आहेत. चाळ पाडली की तिचा पत्ता पत्र्याच्या कुंपणाआड जातो, पण कागदोपत्री माणसं तिथेच राहत असतात. त्यांच्या नावाची पाकिटं 'सोडून गेले' असा शेरा मारून परत जातात, आणि मग कायदा म्हणतो, नोटीस पाठवली होती. इमारत रिकामी करायची परवानगी देतानाच प्रत्येक कुटुंबाचा तात्पुरता पत्ता बिल्डरनं संबंधित पोस्ट ऑफिसला लेखी द्यावा आणि बदलला की पुन्हा द्यावा, अशी अट घालायला काय हरकत आहे? भाड्याचे चेक कुठे पाठवायचे ही यादी त्याच्याकडे असतेच.

आईच्या सुनावणीला दुसरी तारीख मिळाली, तीन फेऱ्या मारल्यावर. त्या निमित्तानं मी चाळीतल्या बाकीच्यांना फोन केले. अकरा घरांची पत्रं गेल्या दोन वर्षांत परत गेली होती. आम्ही दोघीतिघींनी बसून यादी केली. खोली नंबर, नाव, आत्ताचा पत्ता, फोन. चौसष्टपैकी एकोणसाठ कुटुंबं सापडली. कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, एक कुटुंब थेट गावी. यादी आणि सोबत पत्ते बदलल्याचे सह्यांचे अर्ज घेऊन मी आमच्या जुन्या पोस्टात गेले. आमच्या बीटवर आता तिशीतला एक मुलगा आहे, बीडकडचा. त्यानं उभ्यानंच दोन्ही पानं वाचली. मग विचारलं, "ताई, हे सात कदम आहेत, यात राजापूरचे कोणते?" मी त्याच्याच पेननं सातही नावांपुढे गावं लिहून दिली. त्यानं पानांची घडी घातली आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या कदमांचा विरारहून फोन आला. पाकीट मिळालं होतं. त्यांच्या सासूबाईंनी दारात सही केली होती.